संख्या, नाव आणि शोक : ‘एटीसिक्स’ या युद्धविषयक चित्रमालिकेच्या भावपरिणामाचा भाषिक विचार

१. प्रास्ताविक

युद्धकथेचा प्रेक्षकाच्या मनावर होणारा परिणाम वर्णिताना समीक्षक बहुधा रणप्रसंगांच्या वर्णनकौशल्याकडे, शस्त्रास्त्रांच्या भव्यतेकडे किंवा पात्रांच्या शौर्याकडे बोट दाखवितात. विज्ञानकथेच्या बाबतीत तर यंत्रांची अद्भुतता हेच आकर्षणाचे मूळ मानले जाते. तथापि काही कलाकृती अशा असतात की, त्यांतील यंत्रे व लढाया विसरल्या गेल्या तरी त्यांनी मनावर केलेला आघात ओसरत नाही. अशा आघाताचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात ‘एटीसिक्स’ या जपानी चित्रमालिकेचा या दृष्टीने विचार केला आहे. जपानी पद्धतीच्या रेखाचित्रित चलच्चित्रांना ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि ही संज्ञा आता मराठी तरुण वर्गातही रुळली आहे. लेखाचे प्रतिपाद्य असे की, या मालिकेतील करुण रसाचा आधार रणप्रसंग नसून भाषाव्यवहार आहे. माणसाचा निर्देश संख्येने करणे आणि नावाने करणे यांतील अंतर हाच तिच्या भावपरिणामाचा कणा होय. हे अंतर मराठी भाषेला व महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाही. किंबहुना मराठीतील उदाहरणे शेजारी ठेवली असता मालिकेचे सामर्थ्य अधिक नेमकेपणाने कळते, म्हणून उत्तरार्धात त्यांचा परामर्श घेतला आहे.

२. मालिकेची पार्श्वभूमी व कथावस्तू

जपानी ॲनिमेत युद्धविषयक विज्ञानकथेची परंपरा जुनी आहे. १९७४ मधील ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या मालिकेने दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या प्रत्यक्ष युद्धनौकेचे नाव अवकाशयानाला दिले. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांच्या ‘मोबाइल सूट गंडाम’ने यंत्रयुद्धाच्या कथेत थकवा, भीती आणि शत्रूचे माणूसपण आणले. ‘एटीसिक्स’ ही याच परंपरेतील अलीकडची कृती आहे. असातो असातो या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची मूळ कादंबरी २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावरील २३ भागांची मालिका तोशिमासा इशिई यांच्या दिग्दर्शनाखाली एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या काळात दोन खंडांत प्रक्षेपित झाली.

कथावस्तू थोडक्यात अशी : सॅन मॅग्नोलिया नावाचे प्रजासत्ताक शेजारच्या गियाड साम्राज्याने निर्मिलेल्या ‘लीजन’ या स्वयंचलित युद्धयंत्रांशी लढत आहे. आपलीही यंत्रे मनुष्यविरहित आहेत, त्यामुळे या युद्धात एकही माणूस मरत नाही, असे प्रजासत्ताक आपल्या नागरिकांना सांगते. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्या यंत्रांत माणसे बसविलेली आहेत. प्रजासत्ताकाचे ८५ विभाग आहेत. रुपेरी केसांच्या बहुसंख्य वंशाखेरीज इतर सर्वांना या विभागांबाहेर हाकलून त्यांचे नागरिकत्व आणि मनुष्यत्व दोन्ही काढून घेतली आहेत. ८५ विभागांबाहेरचे म्हणून त्यांना ‘एटीसिक्स’, म्हणजे ‘शहाऐंशी’, म्हणतात. त्यांतील कोवळ्या वयाची मुले-मुली रणांगणावर लढतात व मरतात. राजधानीत बसून त्यांच्या एका तुकडीला दुरून आज्ञा देण्याचे काम व्लादिलेना मिलिझे, अर्थात लेना, ही तरुण अधिकारी करते. तुकडीचा नायक शिनेई नौझेन हा आहे. दोघांचा संबंध केवळ आवाजाचा. एकमेकांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नाहीत.

३. संख्येचे नामात रूपांतर

मालिकेचे शीर्षकच एक संख्यावाचक शब्द आहे. व्याकरणदृष्ट्या पाहता येथे संख्याविशेषणाचे जातिवाचक नाम झाले आहे. हे रूपांतर अर्थदृष्ट्या निरुपद्रवी नाही. ‘शहाऐंशी माणसे’ या प्रयोगात ‘माणसे’ हा विशेष्यशब्द असतो व संख्या त्याचे विशेषण असते. विशेष्य गळून नुसती संख्या उरते तेव्हा ‘माणूस’ हा अर्थच वाक्यातून हद्दपार होतो. प्रजासत्ताकाने माणसांना सीमेबाहेर घालविण्यापूर्वी भाषेबाहेर घालविलेले असते.

हीच प्रक्रिया इतर संज्ञांतही दिसते. यंत्रात बसलेल्या मुलास अधिकृत कागदपत्रांत ‘प्रोसेसर’ म्हणतात, म्हणजे तो यंत्राचा एक सुटा भाग ठरतो. सुटा भाग निकामी होतो, मरत नाही. म्हणून राजधानीतील वार्ता ‘मनुष्यहानी शून्य’ असे सांगते, तेव्हा त्या भाषेपुरती ती खोटी नसते. खोटेपणा विधानात नाही, शब्दकोशात आहे. या यंत्रांचे नाव ‘जगरनॉट’ आहे. हा इंग्रजी शब्द पुरीच्या जगन्नाथापासून निघाला. रथयात्रेविषयी युरोपीय प्रवाशांनी लिहिलेल्या अतिरंजित वर्णनांमुळे त्याला ‘माणसांना चिरडीत जाणारी अनिवार शक्ती’ हा अर्थ चिकटला. जगाच्या नाथाचे नाव भाषांतून फिरत फिरत एका युद्धयंत्राला लागावे, हा शब्दार्थाच्या अपकर्षाचा लक्षणीय नमुना आहे.

या व्यवस्थेत नाव ही कमवावी लागणारी गोष्ट होते. सामान्य लढवय्याला केवळ तुकडीचे नाव व क्रमांक असतो. जो वर्षभराहून अधिक काळ जिवंत राहतो त्याला स्वतंत्र रणनाम मिळते. नायकाचे रणनाम ‘अंडरटेकर’ म्हणजे प्रेतसंस्कार करणारा असे आहे, आणि ते अन्वर्थक आहे. मृतांना थडगी बांधण्याची त्यांना मनाई असते. म्हणून शिनेई प्रत्येक मृत सोबत्याच्या यंत्राचा पत्र्याचा तुकडा काढतो, त्यावर त्याचे नाव कोरतो आणि तो तुकडा जवळ बाळगतो. ज्या राज्याच्या नोंदीत शून्य आहे त्या राज्याच्या सीमेवर एक मुलगा नावांची वही पत्र्यावर लिहीत असतो. मालिकेतील सर्वांत तीव्र भाव या दोन नोंदींच्या विरोधातून उत्पन्न होतो.

४. आवाज, संबोधन आणि निरुत्तरता

तिसऱ्या भागात काइए तानिया ही मुलगी दलदलीत अडकून मारली जाते. लेना हळहळ व्यक्त करते. तेव्हा थिओ हा तिचा सोबती संतापाने उसळतो. त्याच्या आरोपाचा रोख आज्ञा उशिरा आली यावर नाही. इतके दिवस सहानुभूतीने बोलणाऱ्या या अधिकारी बाईने त्यांची खरी नावे एकदाही विचारली नाहीत, हा तो आरोप आहे. पुढच्या भागात लेना क्षमा मागून एकेकाचे नाव विचारते, व ते एकेक करून सांगतात. या चौथ्या भागाचे शीर्षकच ‘खरे नाव’ या अर्थाचे आहे.

घटना म्हणून पाहिले तर येथे काहीच घडत नाही. नावे सांगितली जातात एवढेच. तरीही प्रेक्षकाचे मन येथेच मालिकेत गुंतते. याचे कारण विशेषनामाच्या स्वभावात आहे. विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिचे गुण सांगत नाही, असे जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रतिपादिले. संख्याही गुण सांगत नाही. मग दोहोंत भेद कोणता ? भेद असा की, संख्येच्या जागी दुसरा कोणीही बसविता येतो. एक मेला तर दुसरा आणून बेरीज पूर्ववत करता येते. नावाच्या जागी दुसरा बसविता येत नाही. शिवाय नाव संबोधनात येते. हाक नावाने मारतात, आकड्याने मारीत नाहीत; आणि हाक मारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा असते. ज्याचे नाव कळले त्याच्या मृत्यूनंतर निरुत्तर राहणारी हाक मागे उरते. शोकाचे भाषिक रूप म्हणजे ही निरुत्तर राहिलेली हाकच होय.

मालिकेने याची उलट बाजूही दाखविली आहे. लीजन यंत्रे मृतांचे मेंदू आत्मसात करतात, आणि त्यांतून मृतांचे अखेरचे शब्द पुनःपुन्हा उमटत राहतात. काइएची मरणाला नकार देणारी आर्त विनवणी तिच्या मृत्यूनंतरही ऐकू येते. येथे उच्चार आहे, पण वक्ता नाही. शब्द आहेत, पण त्यांना उद्देशून काही बोलता येत नाही. जिवंत माणसे नावाविना आणि मृतांचे आवाज माणसाविना, अशा दुहेरी विच्छेदात ही कथा उभी आहे.

५. मराठीतील गणती

आता प्रश्न असा की, संख्या नेहमीच माणूस पुसते काय ? मराठी भाषेचा साठा पाहिला असता उत्तर तितके सरळ येत नाही.

मराठीत नाव आणि गणती यांना परस्परविरुद्ध मूल्ये आहेत हे खरे. कर्तबगार मुलगा घराण्याचे ‘नाव काढतो’, ‘नाव राखतो’. हरवलेल्या किंवा तोडलेल्या माणसाच्या ‘नावाने आंघोळ करतात’. उलट तुच्छ माणूस कोणाच्या ‘खिजगणतीत’ नसतो, आणि त्याच्यासारखे ‘सतराशे साठ’ पाहिलेले असतात. परंतु युद्धातील मृत्यूची गणती करताना मराठीने जे केले ते या साध्या विरोधापलीकडचे आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी परिभाषेत कळली, अशी परंपरा आहे. त्या मजकुरात सदाशिवरावभाऊ व विश्वासराव मोत्यांच्या रूपाने आले, सरदार मोहरांच्या रूपाने, आणि सामान्य सैनिक खुर्द्याच्या रूपाने. खुर्द्याची मोजदाद दिलेलीच नव्हती. शोकाला हुंडीची भाषा वापरावी लागली. त्यातही चलनाची उतरंड कायम राहिली आणि तळाचा माणूस गणतीबाहेर गेला. प्रजासत्ताकाचा ‘शून्य’ आणि या मजकुरातील न मोजलेला खुर्दा यांत हेतूचे अंतर मोठे आहे. एक लपविण्यासाठी आहे, दुसरा हतबलतेपोटी. तथापि दोहोंत सामान्य सैनिकाची जागा रिकामीच आहे.

त्याच पानिपताविषयी लोकांनी मात्र निराळा वाक्प्रचार केला : ‘सव्वा लाख बांगडी फुटली.’ याची रचना सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. जुन्या मराठीत फौजेची गणती ‘पाच हजार घोडा’ अशी करीत. मोठ्या संख्येबरोबर नाम एकवचनात येई आणि घोड्यावरचा माणूस घोड्यातच मोजला जाई. ‘सव्वा लाख बांगडी’ ही रचना त्याच लष्करी साच्याची आहे. फक्त घोड्याच्या जागी बांगडी आली. दफ्तराची मोजणीची रीत तशीच ठेवून लोकभाषेने मोजण्याचे एकक बदलले. त्याबरोबर अंतःकरणाला न भिडणारा आकडा घराघरांत शिरला. प्रत्येक बांगडीमागे एक हात आहे, आणि त्या हाताच्या धन्याची वाट पाहणारे एक दार आहे. यावरून असे दिसते की, संख्या स्वतः निर्दय नसते. ती कशाची संख्या आहे यावर तिची करुणा अवलंबून असते.

पहिल्या महायुद्धात ही लोकगणती मागे पडून पुन्हा दफ्तरी गणती आली. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण आलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींचे शिपाई होते. युद्धानंतर अनेक गावांत दगडी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचा या युद्धातील मृतांचा आकडा ४६ सांगतात. बसरा येथील स्मारकावर ब्रिटिशांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच आले. ज्या आयोगाने हे स्मारक उभारले तो १९१७ मध्ये सर्व मृतांना समान वागणूक देण्याचे तत्त्व घेऊन स्थापन झाला होता. त्याच्या वतीने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली. निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत, मृतांची नावे कोरली गेली नाहीत, किंवा त्यांची स्मृतीच राखली गेली नाही, असे त्यात नमूद आहे. हे मृत मुख्यतः आफ्रिकेतील व इजिप्तमधील होते. याच महिन्यात ‘एटीसिक्स’चे प्रक्षेपण सुरू झाले. हा केवळ योगायोग आहे. परंतु मालिकेतील कल्पित अन्याय किती अल्पसा कल्पित आहे, हे त्याने लक्षात येते.

६. नाणेघाटाचा पुरावा

नाव आणि संख्या एकाच भिंतीवर वाचावयाची असतील तर फार दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. त्याच्या परिसरातून नाणेघाटाची प्राचीन वाट चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या ते पहिल्या शतकातील मानतात. विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आणला, आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला.

भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची त्यात नोंद आहे : गाई १,७००, हत्ती १०, अन्यत्र २४,४०० कार्षापण, अशी. हे आकडे दानाचे वैभव सांगतात. गाय कोणती, हत्ती कोणता हे सांगण्याची त्यांना गरज नाही. त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव कोरलेले होते. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि ही नावे त्यांतील. मूर्ती नष्ट झाल्या. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावे मात्र सुमारे दोन हजार वर्षे टिकली. ज्याचा चेहरा कोणालाच ठाऊक नाही त्या हकुसिरीला आजही नावाने ओळखता येते.

येथे एक भेद दृष्टीआड करता येत नाही. ही नावे राजकुलाची आहेत. ज्या मजुरांनी हा घाट फोडला आणि ज्यांनी जकात भरून माल वाहिला त्यांपैकी कोणाचे नाव येथे नाही. मध्ययुगीन वीरगळांची स्थितीही अशीच आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नाविक लढाईचे दृश्य तपशिलाने कोरले आहे. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांप्रमाणे तेथेही मृत वीराची मूर्ती आहे, नाव नाही. गावकरी अशा दगडाला शेंदूर लावतात. कोणाला ते सांगू शकत नाहीत. शिनेईचा पत्र्याचा तुकडा याच्या नेमका उलट आहे. त्यावर मूर्ती नाही, पराक्रमाचे दृश्य नाही, नुसते नाव आहे. आणि ते राजाचे नाही.

७. रसविचार

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा परिणाम कसा सांगावा ? भरताने वीराचा स्थायिभाव उत्साह आणि करुणाचा शोक मानला. ‘एटीसिक्स’मध्ये लढाया पुष्कळ आहेत, तरी उत्साह हा स्थायी होत नाही, कारण विजयाने काहीच साध्य होत नाही हे लढणारे जाणतात. वीर येथे संचारी म्हणून येतो आणि करुणात विरतो. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेदही येथे उपयोगी पडतो. करुण निरपेक्ष असतो, पुनर्भेटीची आशा त्यात नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो. पहिल्या खंडाच्या अखेरीस तुकडीतील उरलेले पाच जण परत न येण्याच्या मोहिमेवर जातात, आणि लेनाचा शोक निरपेक्ष होतो. दुसऱ्या खंडात ते जिवंत असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते, लेनाला नसते. एकच विरह प्रेक्षकाच्या लेखी सापेक्ष आणि पात्राच्या लेखी निरपेक्ष, असा हा विरल योग आहे. केवळ आवाजाने परस्परांना ओळखणारी माणसे अखेरच्या भागात प्रथमच समोरासमोर येतात. तेथे जुन्या परिचितांना पुन्हा पहिली ओळख करून घ्यावी लागते. या प्रसंगाचे बळ त्या योगातून येते.

साधारणीकरणाच्या सिद्धान्ताशी मात्र प्रस्तुत विवेचनाचा विरोध वाटण्याचा संभव आहे. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने निराळ्या रीतीने स्वीकारलेल्या या सिद्धान्तानुसार, रसास्वादात भाव विशिष्ट व्यक्तीचा राहत नाही, तो सर्वसाधारण होतो. मग विशिष्ट नावाचा आग्रह रसाला बाधक ठरत नाही काय ? याचे समाधान असे की, साधारणीकरण हे विशिष्टाच्या पलीकडे जाणे आहे, विशिष्टाच्या अलीकडे थांबणे नव्हे. आधी कोणीतरी एक असल्यावाचून त्याचा भाव सर्वांचा होत नाही. संख्या ही साधारण नसून केवळ अनिश्चित आहे. तिच्यातून कीव उत्पन्न होईल, करुण नव्हे. दुसऱ्या खंडात गियाडच्या नव्या संघराज्यातील नागरिक या पाच मुलांची मनापासून कीव करतात, आणि ती मुलांना सोसत नाही. याचे कारण हेच होय. कीव करणाऱ्याला नावाची गरज नसते.

८. मर्यादा व निष्कर्ष

या मालिकेवर एक आक्षेप घेता येतो. प्रेक्षक लेनाच्या बरोबरीने अश्रू ढाळतो आणि त्यातच आपण निर्दोष असल्याचे समाधान मिळवितो, असा तो आक्षेप. तो निराधार नाही. परंतु थिओचा उद्रेक हे त्याचे उत्तर मालिकेने स्वतःच्या पोटात ठेवले आहे. अश्रूंनी नाव विचारण्याचे काम भागत नाही, हे तेथे स्पष्ट बजावले आहे.

दुसरी मर्यादा नावांची आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. इतक्या नावांची यादी वाचणाऱ्याला पुन्हा संख्येसारखीच भासते. नाव कोरले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते उच्चारणारा कोणी असावा लागतो. शिनेईच्या तुकड्यांना अर्थ आहे तो त्याने त्या प्रत्येकाला कधीतरी हाक मारलेली असल्यामुळे.

सारांश, ‘एटीसिक्स’चा भावपरिणाम तीन भाषिक क्रियांवर उभा आहे : संख्येने नामाची जागा घेणे, नाव विचारले जाणे, आणि हाक निरुत्तर राहणे. या तिन्ही क्रियांना मराठीत स्वतंत्र आणि समृद्ध आधार आहेत. महाराष्ट्रातील गावोगावच्या महायुद्धस्मारकांवरील मजकूर, त्यांतील आकडे, आणि त्या आकड्यांमागची जी नावे घराण्यांच्या व गावांच्या स्मरणात अद्याप आहेत ती, यांचे पद्धतशीर संकलन विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे हे क्षेत्र आहे. पाट्यांवरील अक्षरे झिजत आहेत, आणि ज्यांनी आजा-पणजांकडून ती नावे ऐकली त्यांचीही वये झाली आहेत.